अंतराळातला कर्ण आणि माझी कुरकुर

एक राणी शापाला घाबरून आपलं तान्हं मूल दूर पाठवून देते. ते परक्या ठिकाणी अनाथ म्हणून वाढतं. युद्धविद्येत असं तयार होतं की भल्याभल्यांनी बघत राहावं. कवचकुंडलांच्या जागी त्याला राखणारा एक दागिना असतो, गुरूचा एक शाप असतो. आणि एके दिवशी भरल्या दरबारात ते आपल्याच सख्ख्या भावाला हरवतं.

तुमच्या तोंडात नाव आलंच असेल. पण हे मूल मुलगी आहे. तिचं नाव एस्मे, आणि हस्तिनापूर वगैरे काही नाही, अवकाशयानांवर वसलेली राज्यं आहेत. पुस्तक आहे 'अ स्पार्क ऑफ व्हाइट फायर', लेखिका संगू मंदण्णा. बाई बंगळुरात वाढल्या, आता इंग्लंडमध्ये राहतात. 2018 साली हे पुस्तक आलं. तीन भागांतला हा पहिला, पुढचे दोन 2019 आणि 2021 मध्ये येऊन गेले. कुमारवयीन वाचकांसाठी आहे असं त्यावर लिहिलेलं असतं. मी चाळिशी ओलांडलेली बाई. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत पर्चेसला आहे, दिवसभर कोटेशन्स आणि जीएसटीचे आकडे बघते. हे पुस्तक माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या भाचीने माझ्या हातात कोंबलं, "मावशी, तू वाच आणि मला सांग तू रडलीस का," असा दम देऊन.

रडले का ते पुढे सांगते. आधी कुरकुर करू द्या, कारण ती जास्त आहे आणि तिला जरा मागचा हिशेब आहे.

माझं बालपण नाशिकजवळच्या ओझरच्या टाउनशिपमधलं. वडील एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात. तिथल्या क्वार्टर्समध्ये एक 'मृत्युंजय' होतं. एक म्हणजे खरोखर एकच, कुणाचं ते कुणालाच आठवत नव्हतं, खाकी कव्हर घातलेलं, आणि ते या घरातून त्या घरात फिरत असे. नववी-दहावीतल्या मुलीच्या हातात ते आलं की समजायचं, ही आता मोठी झाली. शिवाजी सावंतांनी 1967 साली लिहिलेलं हे पुस्तक मराठी घरांत कुठल्या जागी असतं ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी सकाळी टीव्हीवर महाभारत लागायचं तेव्हा सगळी टाउनशिप अर्जुनाच्या बाजूने आणि आम्ही चार मुली कर्णाच्या. पुढे नाशकात आल्यावर सावानातून, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाचनालयातून, इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणलं आणि पहिल्यांदा जरा थंड पाण्याचा हबका बसला, कारण इरावतीबाईंनी कर्णाचे काही लाड केलेले नाहीत. त्यातून नाशिक हे गावच असं, की तात्यासाहेब शिरवाडकरांनी कर्णावर 'कौंतेय' नावाचं नाटक लिहून ठेवलेलं. म्हणजे कर्ण हा आमच्याकडे कुणीही यावं आणि उचलून न्यावा असा माल नाही. त्याला घरच्या माणसासारखं सांभाळलंय. तो कुणी अंतराळात घेऊन जात असेल तर मी जाताना चार प्रश्न विचारणारच.

पहिला प्रश्न मी नाही, माझ्या वडिलांनी, अण्णांनी विचारला.

कादंबरीत टायटेनिया नावाचं एक लढाऊ जहाज आहे. ते बोलतं, विचार करतं, टोमणे मारतं, आणि त्याला कुणीही हरवू शकत नाही. विचस्टार नावाच्या राज्याचा राजा ते बक्षीस म्हणून लावतो आणि ते जिंकायला एस्मे स्पर्धेत उतरते. हे मी अण्णांना कौतुकाने सांगत होते. अण्णा मिग विमानांच्या सांगाड्यावर काम करून निवृत्त झालेले. ओझरचा कारखाना 1964 साली मुळात मिग-21 साठीच उभा राहिला, इंजिन कोरापूटला बनायचं आणि विमानाचं अंग आमच्याकडे. त्यांनी पेपर खाली केला.

"सर्व्हिसिंगला कुठे जातं?"

"कोण?"

"तुझं ते जहाज."

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, अण्णा."

"मग हरेल," म्हणाले, आणि परत शब्दकोडं.

ही थट्टा वाटेल, पण या पुस्तकाबद्दलचं माझं अर्धं म्हणणं त्यात आलं. ठरावीक तास उड्डाण झालं की विमान ओव्हरहॉलला येतं, मग ते सुखोई असो नाहीतर आणखी काही. पॅनल उघडायचं, वायरिंग बघायचं, कुठे बारीक चीर पडली आहे का ते शोधायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी सही करायची. सही करणाऱ्याला रात्री झोप लागली पाहिजे, हे अण्णांचं वाक्य. आमच्या लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की बाकीची मुलं टाटा करायची आणि आमच्या घरी आवाज ऐकला जायचा. यंत्राभोवती माणसं असतात, त्यांचे हात काळे झालेले असतात, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. या कादंबरीतल्या अंतराळात ती माणसं दिसत नाहीत. एक अख्खं राज्य जहाजावर राहतंय, तर हवा कोण शुद्ध करतंय? पाणी कुठून येतं? पाय जमिनीला कशाने चिकटलेत? फिरवून निर्माण केलेलं गुरुत्व असेल तर काठाशी राहणाऱ्याला आणि मध्याशी राहणाऱ्याला वजन वेगवेगळं जाणवेल, मग महागडी घरं कुठल्या भागात असतील? मला असल्या गोष्टी वाचायला फार आवडतात. इथे त्या जागी राजवाडा, बाग, मेजवान्या, पोशाख. एका ग्रहावरून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे जणू नाशकात सीबीएस स्टँडवरून पंचवटीला जाणं.

मला कळतं, ही विज्ञानकथा नाही. देव इकडून तिकडे फिरताहेत, शाप खरे होताहेत, अशा ठिकाणी ऑक्सिजनचं बिल मागणं बरोबर नाही. पण मी नारळीकर वाचून मोठी झाले. 2021 च्या डिसेंबरात आपल्याकडे नाशिकच्या आडगावला 94 वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही, पण एका वैज्ञानिकाला ती खुर्ची देणारं संमेलन आपल्या गावात झालं याचा मला अजून अभिमान आहे. 'यक्षांची देणगी' वाचलेल्या माणसाला अवकाश म्हटलं की त्या अवकाशाने गोष्टीत काहीतरी करायला हवं असं वाटतं. नुसता पडदा म्हणून टांगलेला असेल तर मग हस्तिनापूर काय वाईट होतं? (आणि अंतराळ आणि प्रेम या दोन गोष्टी एकत्रच आणायच्या असतील, तर तात्यासाहेबांनी 'पृथ्वीचे प्रेमगीत' लिहून ठेवलंय. नाशिककरांचा मापदंड याबाबतीत थोडा वरचा आहे, त्याला इलाज नाही.)

प्रेमाचं आलंच आहे तर उरकून टाकते. मॅक्स नावाचा एक मुलगा आहे, शत्रूच्या घरातला, दत्तक. तो शहाणा, उदास आणि देखणा आहे. एस्मेला तो आवडणार हे दुसऱ्या भेटीतच कळतं. भाचीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव आहे. माझं याबद्दल काही म्हणणं नाही.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येते.

कर्णाची गोष्ट कुठे सुरू होते? लोक म्हणतात नदीत सोडलेल्या पेटीपासून. माझ्या मते ती सुरू होते रंगभूमीवर. राजपुत्रांचं अस्त्रकौशल्य दाखवण्याचा दिवस, अर्जुनाने टाळ्या घेतलेल्या, आणि हा येऊन म्हणतो, हे सगळं मीही करून दाखवतो. करतोही. मग द्वंद्वाची वेळ येते तेव्हा कृपाचार्य पुढे होतात आणि त्याचं कूळ विचारतात. आई कोण, बाप कोण, ते सांग. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो, अभिषेक होतो, आणि तेवढ्यात म्हातारा अधिरथ येतो. काठी टेकत, घामाघूम, थरथरत, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. आणि हा नवा राजा, ज्याचं डोकं अभिषेकाच्या पाण्याने अजून ओलं आहे, ते डोकं त्या सारथ्याच्या पायावर ठेवतो. अधिरथ त्याला जवळ घेतो, आणि आधीच ओलं असलेलं ते डोकं रडून पुन्हा भिजवतो. यावर भीम हसतो आणि म्हणतो, तू चाबूक धर, तेच तुझ्या कुळाला शोभतं.

व्यासांनी हे सगळं मोजक्या श्लोकांत केलंय. मला आजही ते घसरलेलं उपरणं वाचताना पोटात काहीतरी होतं. द्रौपदीने भर स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हटल्याचा प्रसंग आपण सगळे धरून बसलेलो असतो, पण भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने तो मूळ संहितेत घेतलेला नाही. तो गेला तरी चालेल. रंगभूमी गेली तर कर्ण उरत नाही, नुसता एक नाराज धनुर्धर उरतो.

एस्मेच्या वाट्याला ही रंगभूमी आलेलीच नाही. ती अनाथ आहे, एकटी आहे, घर नाही म्हणून झुरते, हे खरं. पण राजपुत्र तिचा जिवलग मित्र आहे. ती जिंकते, आपण कोण ते जाहीर करते, आणि सगळे चकित होतात. तिला कुणी कूळ विचारत नाही, कारण तिचं कूळ राजघराणंच आहे आणि उत्तर तिच्या खिशात तयार आहे. कर्णाकडे उत्तर नव्हतं, आणि जे होतं ते देताना त्याने मान खाली घातली तरी अधिरथाच्या पायावर डोकं ठेवायला तो कचरला नाही. सारथ्याचं घर, राधा, अधिरथ, धाकटा भाऊ शोण, हे सगळं या गोष्टीतून काढून टाकलं आहे. अनाथपण आणि हलकं ठरवलं जाणं या दोन वेगळ्या जखमा आहेत. पहिलीला घर मिळालं की ती भरते. दुसरी राज्य मिळूनही भरत नाही, म्हणून तर अंगराज झाल्यावरही भीमाला चाबूक आठवतो.

हे मला नाशकात बसून जास्त खुपतं. काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालला. देवळाचं दार दलितांसाठी उघडलं नाही. 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामाच्या त्या दारावरून मी दर आठवड्याला भाजी घेऊन जाते. आणि आजही या शहरात फ्लॅट भाड्याने बघायला गेलं की नाव सांगितल्यावर समोरचा थांबतो. पूर्ण नाव? म्हणजे आडनाव. म्हणजे कृपाचार्य अजून रिटायर झालेले नाहीत. महाभारत अंतराळात न्यायचं, देवदेवता, शाप, द्वंद्व सगळं सामानात भरायचं, आणि हा एवढा प्रश्न मात्र पृथ्वीवर ठेवून जायचं, याचा मला राग आला. कदाचित इंग्रजी वाचकाला ते समजावून सांगायला पानं लागली असती. कदाचित लेखिकेला तिची मुलगी वेगळ्या कारणाने दुखावलेली हवी होती. तिची गोष्ट आहे, तिला अधिकार आहे. पण मग मला कुरकुरायचाही आहे.

आणखी एक. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण एकटा बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, आणि शेवटी कृष्ण. एकच प्रसंग आईच्या डोळ्यांनी वाचला की आधी मुलाच्या बाजूने केलेला निवाडा लटपटतो. नववीत मी कुंतीवर दात खाऊन होते, आणि स्वतः आई झाल्यावर कुंतीचा भाग पुन्हा वाचला तेव्हा गप्प बसले. या कादंबरीत सगळं एस्मेच सांगते. तिची आई कायरा हे पात्र मला फार ताकदीचं वाटलं. शाप खरा होईल या भीतीने पोटची मुलगी दूर केलेली बाई, आणि तीच मुलगी आता समोर उभी. पण तिच्या मनात आपल्याला शिरता येत नाही, एस्मेला जेवढं दिसतं तेवढंच. आणि एस्मे सतरा-अठराची, तिला काय दिसणार! मला सारखं वाटत राहिलं, त्या बाईला निदान एक प्रकरण द्यायला हवं होतं.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग वाचलंस कशाला? वाचलं, कारण ठेववेना. कंपनीच्या बसमध्ये वाचलं, पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये वाचलं, आणि एकदा तर माझा स्टॉप गेला तरी ड्रायव्हरदादांनी आवाज देईपर्यंत मला कळलं नाही.

ठेववेना त्याचं कारण कौरव. म्हणजे इथले कौरव. कली नावाच्या राज्याच्या गादीवर एल्व्हर नावाचा आंधळा राजा आहे, त्याने पुतण्याला, म्हणजे एस्मेच्या भावाला, हद्दपार करून गादी बळकावली आहे. एस्मे त्याच्या घरात जाते ती मनात शत्रुत्व धरून, भावाला त्याचा मुकुट मिळवून द्यायचा या इराद्याने. आणि तिथे तिला काय सापडतं? घर. आंधळा म्हणून ज्याचा हक्क डावलला गेला तो माणूस, त्याची भीती, त्याचा हट्ट, आणि त्याने तिच्यासाठी केलेली जागा. चुलत्याने केलेला अन्याय अन्यायच राहतो, लेखिका तो धुऊन टाकत नाही. पण जेवणाच्या टेबलावर बसल्यावर अन्याय करणारा माणूसही मीठ मागतो, हे तिने फार चांगलं दाखवलंय. धृतराष्ट्राला मी आजवर कधी माणूस म्हणून बघितलं नव्हतं. गादीवर बसलेला एक हंबरडा, एवढीच माझी कल्पना.

आणि उलट बाजूने, ज्या भावासाठी ती एवढं सगळं करते तो अलेक्सी. सगळ्यांचा लाडका, पराक्रमी, देखणा, न्याय त्याच्या बाजूला. बहीण जिंकली तेव्हापासून त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं ते मी ओळखलं. आमच्या ऑफिसात प्रमोशन दुसऱ्याला मिळालं की 'अभिनंदन' म्हणतानाचा जो चेहरा असतो तो. लेखिकेने त्याला खलनायक केलेलं नाही, नुसतं थोडं थोडं उघडत नेलं आहे, आणि अर्जुनाबद्दल आम्हा चार मुलींना टाउनशिपमध्ये जे सांगता येत नव्हतं ते तिने सांगून टाकलं. त्याबद्दल तिला सात खून माफ.

शेवटाबद्दल सांगते, पण नाव सांगणार नाही. शेवटी एक द्वंद्व होतं आणि एक माणूस मरतो. द्वंद्व ठरलं तेव्हा मी आरामात बसले होते, कारण मला शाप माहीत होता. ऐन वेळी विद्या आठवणार नाही हे मला माहीत. रथाचं चाक रुतणार हेही माहीत, मग इथे रथ नसला म्हणून काय झालं. इतकी वर्षं कर्णाबरोबर काढल्यावर मी पानं उलटत होते ती फक्त कसं होतं हे बघायला. आणि मग ज्याला काही होणार नाही असं मी धरून चालले होते, तोच माणूस गेला. मी पान मागे घेतलं, परत वाचलं. मला खरंच कळेना की हे कसं झालं. कर्णाच्या गोष्टीत पुढे काय होणार ते मला माहीत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मुलाने आतून विचारलं, "आई, दूध उतू चाललंय का?" तर चाललंच होतं.

तर हो, रडले. भाचीला कळवलं. ती रविवारी दुपारी हजर झाली, अण्णांसाठी चिवडा घेऊन. तिने 'मृत्युंजय' वाचलेलं नाही. कर्णाबद्दल तिला जे माहीत आहे ते रील्समधून: दानशूर, मागे धीरगंभीर संगीत, सूर्य मावळतो वगैरे. हे पुस्तक महाभारतावर आहे हेसुद्धा तिला निम्मं झाल्यावर मैत्रिणीने सांगितलं. मी माझी सगळी तक्रार तिच्यापुढे मांडली, रंगभूमी, उपरणं, भीमाचा चाबूक. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, खऱ्या गोष्टीत कर्णाला मारतो तो अर्जुनच ना?"

"हो."

"त्याला माहीत असतं, हा आपला भाऊ आहे?"

"नाही. कर्णाला माहीत असतं. कृष्णाने सांगितलेलं असतं, कुंतीही येऊन सांगते. अर्जुनाला युद्ध संपल्यावर कळतं, कुंती तर्पणाच्या वेळी सांगते तेव्हा."

ती थोडा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसली. "मग तुझा अर्जुन बरा. हिच्या भावाला पहिल्यापासून माहितीये. जगजाहीर आहे. तरी तो..."

मी उत्तरच दिलं नाही, कारण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी काय काय गेलं याची यादी करत बसले होते, आणि या पोरीने काय आलं ते बरोबर धरलं. आपल्या महाभारतात सगळं रहस्यावर उभं आहे. कुंती वेळेवर बोलली असती तर, ही त्या युद्धावरची आपली नेहमीची हळहळ. मंदण्णाबाईंनी पहिल्या काही प्रकरणांतच ते रहस्य फोडून टाकलं. कुंती बोलो न बोलो, सगळ्यांना सगळं माहीत आहे. आणि तरीही भाऊ बहिणीवर शस्त्र धरतो. म्हणजे कळलं असतं तर टळलं असतं, या आपल्या समजुतीलाच तिने हात घातलाय. अज्ञानातून झालेल्या हत्येपेक्षा ही जास्त काळी गोष्ट आहे, आणि ती मुलांच्या पुस्तकात, गुलाबी-निळ्या कव्हरच्या आत, मॅक्सच्या उदास डोळ्यांच्या शेजारी ठेवलेली आहे.

यामुळे माझा रंगभूमीचा राग गेला का? नाही. तो आहे तिथेच आहे. तुम्हाला पुस्तक वाचा म्हणून सांगू का? पंधरा-सोळाची मुलगी घरात असेल तर तिला द्या, आणि तिचं झालं की तुम्ही घ्या. विज्ञान शोधायला जाऊ नका. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी, संवाद चटकदार, इतके की कधीकधी सगळीच पात्रं एकाच शिकवणीला जाऊन आल्यासारखी बोलतात. मधली दीडेकशे पानं भरधाव जातात. मला वाटतं जरा जास्तच भरधाव, जिथे थांबायला हवं तिथेही थांबत नाहीत.

दुसरा भाग भाचीकडे आहे. ती तो मला फुकट द्यायला तयार नाही, आणि मीही काही कमी नाही. सौदा असा ठरला, की तिने 'मृत्युंजय'मधला कुंतीचा भाग वाचायचा, मग मला दुसरा भाग मिळणार. सगळं 'मृत्युंजय' म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. अण्णांनी मध्यस्थी करून वृषालीचा भागही त्यात घातला, का ते त्यांनाच ठाऊक. काल रात्री तिचा मेसेज आला: "मावशी, ही वृषाली कोण? लव्ह ट्रँगल आहे का? आधी सांग, मग वाचते."

मी सांगितलेलं नाही.